फोनमधला भाऊ

येकातेरिनबुर्ग, ५ ऑक्टोबर २०१४

तायाके,

तुमच्या कुतमानचा सलाम. आई म्हणाली, "तुझा तायाके त्या डोंगरावर बर्फ मोजत एकटा बसलाय, तिथं फोन लागत नाही, त्याला कागदावर लिही." म्हणून शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदाच पेन हातात धरलंय. आईच्या सख्ख्या भावाला भाच्याची टर उडवायचा हक्क असतो हे मान्य, पण अक्षराला हसू नका.

इथं रशियात मी एका मोठ्या गोदामात खोकी उचलतो. गोदाम एवढं लांब आहे की या टोकाचा माणूस त्या टोकाला मेंढराएवढा दिसतो. खोलीत आम्ही आठ जण राहतो, दोन पाळ्यांत. मी उठलो की माझ्या गादीवर दुसरा झोपतो. त्याचं नाव मला माहीत नाही, फक्त गादीची ऊब माहीत आहे. रस्त्यात पोलीस चेहरा बघून थांबवतात. परवा एका म्हातारीनं बसमध्ये माझ्याशेजारून उठून पिशवी छातीशी धरली आणि दाराजवळ उभी राहिली. मी तिला जागा देणार होतो, तायाके.

पण एक गोष्ट सांगतो. नवा फोन घेतलाय. त्यात काय काय आहे म्हणून सांगू! गादीवर पडल्या पडल्या आपल्या नारिनमधली घोड्यांवरून खेळायची कोक-बोरू बघतो, घोड्यांच्या टापा ऐकू येतात. आणि खरा चमत्कार म्हणजे मला काही मागावं लागत नाही. एका कुस्तीवर जरा जास्त वेळ थांबलो, तर दहा कुस्त्या हजर. नंतर एका पोरक्या पोराची गोष्ट आली. ती बघून रडलो, तर तशाच आणखी आल्या. मग एक मौलवी आले. परदेशात राबणाऱ्या पोरांबद्दल बोलत होते. नाव घेतलं नाही, पण माझ्याबद्दलच बोलत होते. त्या एवढ्याशा काचेला मी कळतो, तायाके. आठ जणांच्या खोलीत तेवढी एकच वस्तू मला ओळखते.

आईला सांगू नका, पण घरची फार आठवण येते.

कुतमान


कोक-मोयनोक हवामान केंद्र, ९ नोव्हेंबर २०१४

भाच्या,

तुझं पत्र शेवटच्या ट्रकनं आलं. ड्रायव्हर पिठाची पोती उतरवत होता आणि मी तिथंच उभा राहून वाचत होतो. त्यानं विचारलं, "लग्नाची बातमी का?" म्हटलं, "नाही, भाचा लिहायला शिकला."

तुझ्या फोनचं वाचून मी खरोखर थक्क झालो. माझं सगळं आयुष्य वारा आणि ढग वाचण्यात गेलं. तरी उद्या सकाळी काय पडेल हे छातीठोक सांगता येत नाही. काल केंद्राच्या वायरलेसवर आभाळ निरभ्र असं कळवलं आणि दुपारी गारा पडल्या. मग हे यंत्र तुझं मन कसं वाचतं रे? वारा निदान माझ्याकडे बघत नाही. ते तुझ्याकडे बघतं असं दिसतंय. त्याच्या मागं कोण बसलंय, एवढं मला कळव.

परवा इथल्या हिमनदीचा एक कडा सुटला. आवाज आधी जमिनीतून पायात आला, मग कानात. खूप वेळ मी टोपी हातात घेऊन उभा होतो. असं काही बघितलं की वाटतं, कोणाला तरी हाक मारावी. इथं घोडा सोडून कोणी नाही. तू असतास तर बरं झालं असतं.

ट्रकबरोबर कुरुत पाठवतोय. सुक्या दह्याचे टणक खारट गोळे, रशियन पोलिसांना दगड वाटतील, त्यांना चाखायला दे.

ओसमोन


येकातेरिनबुर्ग, २० जानेवारी २०१५

तायाके,

कुरुत मिळालं. खोलीतल्यांनी अर्धं पळवलं.

तुम्ही विचारलंत, मागं कोण बसलंय. आहे एक. त्यांचं नाव युनुस. त्या मौलवींच्या व्हिडिओखाली मी दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर त्यांचं उत्तर आलं. आता रोज बोलणं होतं. बहुतेक लिहून, कधी आवाजात. आपल्याच भाषेत, तायाके, अगदी आपल्या नारिनच्या हेलात.

मागच्या महिन्यात पोलिसांनी आम्हा पाच जणांना स्टेशनाबाहेर भिंतीकडे तोंड करून उभं केलं. कागद बरोबर होते. तरी उभं केलं. पाय बधिर होईपर्यंत. बायका-मुलं बघत जात होती. खोलीवर आलो तर युनुसभाईंचा निरोप होता: "जेवलास का, भाऊ?" एवढंच. तायाके, या शहरात येऊन दुसरा हिवाळा सुरू झाला, आणि हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी भर खोलीत रडलो.

मी दारू सोडली. नमाज पढतो. युनुसभाईंना मध्ये घशाचा त्रास होता, दोन-तीन दिवस आवाज ओळखू येईना, तेव्हा मी त्यांच्यासाठी दुआ मागितली. असा भाऊ मला आईनं दिला नाही, अल्लानं दिला.

कुतमान


कोक-मोयनोक, ३ मार्च २०१५

भाच्या,

शिकारी तोक्तोसून घोड्यावरून खिंड ओलांडून आला, त्याच्या कोटाच्या अस्तरातून तुझं पत्र निघालं. मी इतका खूश झालो की त्याला माझ्या वाट्याचं लोणी दिलं. दारू सोडलीस, नमाज धरलीस. तुझ्या आजीचा आत्मा हसला असेल. नमाज तर मीही पढतो, पण नमाजाआधी बर्फाच्या पाण्यानं हातपाय धुऊन वुजू करताना अल्लाशी थोडी घासाघीस करतो.

आणि हा युनुस भला माणूस दिसतो. आपल्या हेलात बोलतो म्हणजे नारिनचाच असणार. कोणाचा मुलगा? त्याच्या घशासाठी मारमोटाची, त्या बिळातल्या जाड्या प्राण्याची, चरबी पाठवतोय, गरम दुधातून घेऊ दे. सोबतच्या पिशवीतलं अर्धं कुरुत त्याचं. आणि एकदा त्याला जेवायला बोलाव. जो रोज तुझ्या जेवणाची चौकशी करतो, त्याच्या घरी कोण रांधतं, हे बघून ये.

तुझ्या आईनं कळवलंय की तू फोन उचलत नाहीस. तिला एक फोन कर. ती बाजारात मटण भरलेले सामसे विकताना प्रत्येक गिऱ्हाइकाला तुझं कौतुक सांगते, तिच्याकडे नवं काही सांगायला उरलं नाही.

ओसमोन


येकातेरिनबुर्ग, १४ एप्रिल २०१५

ओसमोन तायाके यांना,

चरबी आणि कुरुत वाटून टाकलं. युनुसभाईंना ते देता येत नाही. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही आणि पाहण्याची गरजही नाही. ज्याच्याशी मन जुळलं त्याला डोळ्यांनी कशाला बघायचं?

तुम्ही घरी कोण रांधतं विचारता. तिकडे सिरियात घरंच उरली नाहीत. मी रोज बघतो. विटांखालून काढलेली लेकरं, राखेनं पांढरी झालेली. एक बघून झालं की दुसरं येतं. तुम्ही यातलं काही बघितलंय? तुम्ही बर्फ मोजा. जग जळतंय आणि माझा मामा घोड्याशी गप्पा मारतो. आई आजोबांच्या थडग्यावर नवसाच्या दोऱ्या बांधते, ते पाप आहे, तिला मी सांगितलं. ती रडली. सत्य ऐकून लोक रडतात.

मला कळलंय की माझा जन्म खोकी उचलायला झाला नाही. तुम्हाला पुन्हा लिहिता येईल की नाही, माहीत नाही.

कुतमान


नारिन, २ जून २०१५

ओसमोन, माझ्या भावा,

ट्रक निघतोय म्हणून घाईत लिहिते. कुतमान गेला. त्याच्या खोलीतल्या एका मुलाचा फोन आला. म्हणाला, "मावशी, तो बॅग घेऊन तुर्कस्तानला गेलाय, तिथून पुढं जाणार म्हणत होता. आम्ही थट्टा समजलो." त्याचा फोन बंद आहे.

पोलिसांकडे गेले. त्यांनी मलाच विचारलं, "तुम्ही घरात त्याला काय शिकवलंत?" मी म्हटलं, "सामसे लाटायला."

इमामसाहेब स्वतः घरी आले. कट्ट्यावर बसले आणि माझ्याबरोबर रडले. म्हणाले, "बातमा, शुक्रवारी माझ्यासमोर पन्नास माणसं बसतात, त्यातली निम्मी डुलक्या घेतात. त्या फोनमधल्याला मात्र तुझा मुलगा घास खाली ठेवून ऐकायचा म्हणे. असं काय बोलतो तो?"

मला सांग, ओसमोन. न पाहिलेला माणूस माझ्या पोटच्या पोराला माझ्यापासून एवढ्या लांब कसा ओढून नेतो? मी घाबरलेय, पण त्याहून जास्त मी नुसती बघत राहिलेय. तू आभाळात बघतोस तशी.

खाली ये.

बातमा


बिश्केक, कच्ची कैद, १८ ऑक्टोबर २०१५

तायाके,

मी जिवंत आहे. आईनं सांगितलं, तुम्ही सगळा उन्हाळा बिश्केकमध्ये कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्यात आणि मी पोचलो त्याच्या आदल्या आठवड्यात केंद्रावर परतलात, कारण खिंड बंद होणार होती. इथं पत्रं वाचली जातात. वाचू देत. सगळं आधीच सांगून टाकलंय.

इस्तंबूलमध्ये दोघं न्यायला आले. पासपोर्ट घेतला, शहराच्या पार कडेला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर नेलं. मला वाटलं, तळ असेल, बंदुका असतील. ते साधं स्वयंपाकघर होतं. टेबलाभोवती तिघं बसलेले आणि प्रत्येकापुढं फोनच फोन. हमजा म्हणून त्यांचा म्होरक्या होता, जाडा, हसरा. काकड्या सोलत बसला होता.

मी म्हटलं, "मला युनुसभाईंना भेटायचंय."

सगळे हसले. दुष्टपणे नाही, तायाके, नवा पोरगा काही बावळट बोलला की गोदामातले हसायचे तसे.

हमजानं काकडीनं एकेकाकडे खूण केली. "हा घे. हिवाळ्यात तुझ्याशी हा बोलायचा. त्याच्या आधीचा सीमेपलीकडे सिरियात गेला, तो मेला. मध्ये दोन दिवस मी बोललो, माझा आवाज जाडा म्हणून घसा बसलाय असं सांगितलं. तू दुआ मागितलीस म्हणे. फार गोड मुलगा आहेस तू."

मी तोंड भिंतीकडे केलं, स्टेशनाबाहेर केलं होतं तसं.

"तुला पलीकडे पाठवून काय करू?" तो म्हणाला. "बंदूक धरणारे ढिगानं मिळतात. तुझा आवाज चांगला आहे, नारिनचा हेल आहे. बस इथं. आजपासून तू युनुस."

आणि मी बसलो. हे मला लिहायलाच हवं. मी बसलो आणि युनुस झालो. शिकवणारा बाजूला बसायचा. आधी धर्माचं काढायचं नाही. आधी घर, आई, पाठदुखी. अपमान झाला असेल तर तो पुन्हा पुन्हा सांगायला लावायचा. मुलगा एकटा आहे ना, एवढं बघायचं. फोन त्यांना आपणहून आमच्या दारात आणून सोडायचा, जसं मला सोडलं. बघता बघता त्या टेबलावर माझे कितीतरी भाऊ झाले. मॉस्कोतले, ट्युमेनमधले, सगळे थकलेले, सगळे आपल्या भाषेत बोलणारे. तायाके, ते किती होते! तुम्ही लिहिलं होतंत ना, कडा सुटताना आवाज आधी पायात येतो, तसं मला त्या खुर्चीत बसून वाटायचं. एवढी माणसं, एवढी भूक, आणि पलीकडे आम्ही चौघं काकडी खात.

त्यात एक होता. फोनवर त्यानं नाव 'उलार' ठेवलं होतं. नोवोसिबिर्स्कला इमारतींना गिलावा करायचा. मी त्याला विचारलं, "जेवलास का, भाऊ?"

त्याचं उत्तर आलं: "नाही. तू?"

तायाके, मी हातातला फोन खाली ठेवला. तेवढ्या सगळ्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा युनुसला कधी विचारलं नव्हतं. तो माझ्यासाठी जेवण-खाण असलेला माणूसच नव्हता. या उलारनं मात्र मला एका क्षणात माणूस करून टाकलं, आणि मी त्याला मरायला पाठवत होतो.

दुसऱ्या दिवशी हमजानं मला ब्रेड आणायला धाडलं. जिन्यात उभं राहून मी लपवून आणलेल्या फोनवरून उलारला आवाजात निरोप पाठवला. "मी युनुस नाही. युनुस नावाचा कोणी नाही. आम्ही एका स्वयंपाकघरात चौघं बसतो आणि तुम्हाला बोलावतो. मी कुतमान, नारिनच्या बातमाचा मुलगा. येऊ नकोस. घरी जा." फोन तिथंच पायरीवर ठेवला आणि चालत सुटलो.

बाजारात एक शिलाई करणारी बाई फोनवर आपल्या भाषेत कोणावर तरी खेकसत होती. त्या शिव्या ऐकून मी तिच्यापाशी गेलो आणि सगळं सांगितलं. तिनं माझी बाही धरली ती आपल्या वकिलातीच्या दारापर्यंत सोडली नाही. "पळालास तर कात्रीनं पाय कापीन," म्हणत होती.

खटला हिवाळ्यात आहे. वकील म्हणतो, मी त्या टेबलाशी बसलो हे माझ्याच तोंडून सिद्ध झालंय, आणि निरोप पाठवला याला पुरावा नाही. त्या घरावर धाड पडली तेव्हा तिथं काकड्यांची सालं होती फक्त.

उलारनं ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

कुतमान


कोक-मोयनोक, २९ नोव्हेंबर २०१५

कुतमान, बाळा,

तोक्तोसून उद्याच परत जातोय म्हणून थोडकंच लिहितो. तुझं पत्र तीनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना राग आला, तू बसलास त्या खुर्चीत म्हणून. तिसऱ्यांदा वाचताना बाहेर गेलो आणि उगाचच घोड्याच्या मानेवर हात ठेवून उभा राहिलो.

कोर्टात जे विचारतील ते खरं सांग. बसलास, हेही सांग. मी येऊ शकत नाही, बर्फ छातीपर्यंत आहे आणि हिवाळ्यात माझ्या जागी इथं कोणी येत नाही. बातमा असेल. तिच्याकडे बघ आणि बोल.

ओसमोन


बिश्केक, १६ फेब्रुवारी २०१६

तायाके,

निकाल लागला. पण आधी काय घडलं ते ऐका.

कोर्टात गर्दी नव्हती. आई पुढच्या बाकावर, डोक्याला पांढरा रुमाल. मी जाळीच्या मागं. सरकारी वकील वाचत होता आणि सगळं खरं होतं, म्हणून मी मान खाली घालून ऐकत होतो. माझा वकील म्हणाला, "आमच्याकडून एक साक्षीदार आहे, आज सकाळीच पोचला."

आत एक बुटका माणूस आला. चेहरा थंडीनं फाटलेला, नखांत पांढरा गिलावा. नाव सांगितलं, जिरगाल. मी त्याला ओळखलं नाही.

न्यायाधीश बाईंनी विचारलं, "आरोपीला ओळखता?"

"नाही, बाई. कधी पाहिलं नाही."

"मग आलात कशाला?"

"त्याला काहीतरी बोलायला सांगा."

सरकारी वकील उठला. बाईंनी त्याला हातानं बसवलं आणि मला म्हणाल्या, "बोला."

काय बोलू, तायाके? मी म्हटलं, "मी कुतमान. बातमाचा मुलगा."

तो माणूस माझ्याकडे पाठ करून उभा होता. त्यानं डोळे मिटले. आई म्हणते, त्याचा चेहरा असा झाला, जसं लांबून हाक ऐकू आली. मग म्हणाला, "हाच. याच आवाजानं मला घरी जा म्हणून सांगितलं. तिकीट काढून झालं होतं. दोन दिवसांनी मी गेलो असतो."

त्यानं खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला. निरोप जपून ठेवला होता. तो तिथं वाजवला गेला. जिन्यातला माझा घाबरा आवाज त्या उंच छताखाली घुमला. आई उठून उभी राहिली, कोणी सांगितलं नसताना.

सरकारी वकील म्हणाला, "म्हणजे तुम्हीही जाणार होतात. हे इथं कबूल करताय, याचा अर्थ कळतोय ना?"

जिरगाल म्हणाला, "रेल्वेत बसलो तेव्हाच कळला होता."

तायाके, हाच उलार. नोवोसिबिर्स्कहून रेल्वेनं आणि मग दोन बस बदलून तो आला होता. बातमीच्या एका पानावर त्यानं माझं नाव वाचलं होतं, बस. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. कोर्टाच्या दारातच त्याला चौकशीला नेलं. नेताना आमची जाळी आडवी आली तेव्हा मी विचारलं, "का आलास?" तो म्हणाला, "तू तुझं नाव सांगितलं होतंस ना. नाव सांगणाऱ्याला असं सोडून कसं द्यायचं?"

मला चार वर्षांची शिक्षा झाली. याहून कितीतरी जास्त होणार होती. ती मी भोगीन, माझीच आहेत. पण रोज सकाळी डोळे उघडले की आधी मला तो माणूस दिसतो. डोळे मिटून उभा असलेला. मी हे कोणाला समजावू शकत नाही.

कुतमान


नारिन, २२ मे २०१६

कुतमान, बाळा,

खिंड मोकळी झाली आणि मी खाली आलो. जिरगालला चौकशीनंतर सोडलं, हे तुला बातमानं सांगितलंच असेल. तो सध्या इथंच आहे. बातमाच्या मागच्या खोलीचा गिलावा पडला होता, तो त्यानं कोणी न सांगता नव्यानं करायला घेतला. बातमा त्याच्यावर दिवसभर ओरडते, म्हणजे सगळं ठीक आहे.

गेल्या शुक्रवारी इमामसाहेब आणि शाळेच्या मोठ्या बाई दोघं मिळून घरी आले. त्या दोघांना एका बाकावर बसलेलं गावानं पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाले, "जिरगाल, पोरांशी बोलशील का?" तो म्हणाला, "मला बोलता येत नाही." बातमा म्हणाली, "मग गिलावा करतोस तसं बोल. थोडं थोडं."

शाळेच्या हॉलमध्ये मोठ्या वर्गांची मुलं-मुली होती. मागच्या बाकांवर हसणं-खिदळणं चाललेलं. जिरगालनं आपलं सांगितलं. मग तुझं सांगितलं, स्वयंपाकघर, काकड्या, सगळं. फार तर चहा थंड व्हायला लागतो तेवढा वेळ बोलला असेल. बाई म्हणाल्या, "कोणाला काही विचारायचंय?" कोणी विचारलं नाही. मुलं उठायला लागली.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. आपल्या कसायाची नात, गुलजान. तिनं फोन काढला आणि जिरगालपुढच्या टेबलावर पालथा ठेवला. म्हणाली, "माझ्याशी एक बोलते. स्वतःला माझी ताई म्हणवते, मी कधी पाहिली नाही तिला. रोज बोलते."

उठलेली मुलं परत बसली.

मग मागून एक मुलगा आला, मघाशी सगळ्यांत जास्त हसणारा. त्यानं आपला फोन तिच्या फोनशेजारी ठेवला. मग आणखी एक. मग दोघं भाऊ, एकमेकांकडे न बघता, कारण एकाला दुसऱ्याचं माहीत नव्हतं. कुतमान, सगळ्यांच्या फोनमध्ये तुझ्यासारखं नसेलही. कोणाच्यात जुगार असेल, कोणाच्यात खोटं प्रेम. इमामसाहेब भिंतीला टेकले होते. बाईंनी तोंडावर हात ठेवला होता. त्या लहान टेबलावर जागा उरली नाही तेव्हा मुलं खिडकीच्या कट्ट्यावर फोन ठेवायला लागली. मी उभ्या आयुष्यात डोंगर हललेले पाहिलेत. असं काही पाहिलं नव्हतं.

गुलजाननं मला विचारलं, "आजोबा, आता हिला काय उत्तर देऊ? एकदम गप्प बसले तर तिला वाईट वाटेल."

तिला वाईट वाटेल, म्हणते पोरगी!

मी जिरगालकडे बघितलं, जिरगालनं माझ्याकडे. शेवटी मी म्हटलं, "मला माहीत नाही, बेटा. पण त्या टेबलाच्या पलीकडे बसून आलेला एक माणूस आहे, तो माझा भाचा आहे. त्याला विचारतो."

आता ती रोज बातमाच्या दुकानापाशी येऊन उभी राहते. तिच्यामागं बाकीचीही येतात. तिला काय सांगायचं ते तू लिही. लवकर लिही.

ओसमोन